फोर-के टीव्ही आणि उजवा डोळा

मी आयुष्यात एकदाच भाव केला नाही, आणि नेमकी तीच गोष्ट आमच्या घरात कुणाला खरी वाटत नाही.

बाकी सगळीकडे केला. स्वतःच्या लग्नात बँडवाल्याशी केला, दुकानाच्या गाळ्यासाठी बिल्डरशी केला, गाळा घेतल्यावर पाटी रंगवणाऱ्याशी अक्षरामागे केला. लाज वाटत नाही. सायकलच्या कॅरियरला गाठोडं बांधून कर्वेनगरच्या सोसायट्यांमधून पडद्याचं कापड विकत फिरायचो, तेव्हा गिऱ्हाइकांनीच मला ही विद्या शिकवली. दारावर आलेल्या माणसाला इथे पाणी विचारतील न विचारतील, भाव मात्र न चुकता पाडतील. तीन जिने चढून गेल्यावर वरच्या काकू म्हणायच्या, "कापड बरंय हो, पण जरा जास्तच किंमत सांगताय, नाही का?" मी गाठोडं बांधायला लागायचो, त्या दार लावायला लागायच्या, आणि दार पूर्ण लागायच्या आत सौदा व्हायचा. आता माझं पडद्यांचं आणि सोफ्याच्या कापडाचं स्वतःचं दुकान आहे, आणि त्याच काकू जिना उतरून माझ्याकडे येतात. भाव अजून करतात.

तर हे मी रागात लिहितोय. राग उतरायची वाट बघत बसलो तर लिहून व्हायचं नाही.

आमच्या दुकानाचा डोळा म्हणजे माझी बायको. कापडात न पडलेल्या माणसाला हे कळणार नाही, म्हणून सांगतो. एकाच रंगाचे, एकाच नंबरचे दोन ताके, म्हणजे कापडाच्या गुंडाळ्या, कधीच तंतोतंत सारखे नसतात. आज रंगवलेला लॉट आणि पुढच्या महिन्यात रंगवलेला लॉट यांत एक हलकासा फरक राहतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो दिसत नाही. पडदे शिवून खिडकीत टांगले आणि मागून ऊन आलं, की मात्र आंधळ्यालाही दिसतो. म्हणून आमच्याकडे नियम आहे की कापड दाराशी नेऊन उजेडात बघितल्याशिवाय कात्री लावायची नाही. दोन्ही ताक्यांची टोकं हातात धरून बायको दाराशी जायची, एकदाच बघायची आणि सांगायची, "हा वेगळ्या लॉटचा." गिऱ्हाइकाला काही दिसायचं नाही. मलाही दिसायचं नाही. पण तिचं कधी चुकलं नाही.

मग एकदा चुकलं. एका बाईंनी हॉलचे पडदे परत आणले आणि काउंटरवर ठेवत विचारलं, "अहो, यातला एक नवा आणि एक धुतलेला दिलात का?" दोन्ही नवेच होते, लॉट वेगळे होते. बायकोने ते दाराशी नेले, बराच वेळ बघितले आणि परत आणून ठेवले. म्हणाली, "मला सारखेच दिसतायत."

त्या दिवशी तिने पुन्हा कात्री हातात घेतली नाही.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. उजवा आधी करू, तो नीट बसला की डावा. ऑपरेशनच्या सकाळी तिच्या डोळ्यांत थेंब घालून तिला आत बसवलं आणि मला काउंटरवर बोलावलं. तिथल्या मुलीने माझ्यासमोर लेन्सचा तक्ता सरकवला. अशी लेन्स, तशी लेन्स, देशी, परदेशी, प्रत्येकीसमोर किंमत. हॉटेलातल्या मेनूकार्डासारखा. मी तोंड उघडलं. सवयच ती. समोर किंमत लिहिलेला कागद आला की माझं तोंड आपोआप उघडतं.

काचेपलीकडे बायको बसली होती. डोळे मिटलेले, पर्स दोन्ही हातांनी मांडीवर धरलेली, एसटीत गर्दीत बसल्यासारखी. मी तोंड मिटलं. डॉक्टरांनी जी लेन्स सांगितली होती तिच्यावर बोट ठेवलं आणि जो आकडा छापला होता तो भरला. मुलीने विचारलं, "सर, काही शंका?" मी म्हणालो, "नाही."

एवढंच. याला साक्षीदार कोणी नाही, आणि माझं सगळं दुखणं तिथेच आहे.

संध्याकाळी मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, आयटीतला, दोन गाड्यांचा, सल्ले देण्यात उदार. बायको डोळ्यावर हिरवी पट्टी लावून पलंगावर पडली होती. तिची विचारपूस झाली आणि मग हा माझ्याकडे वळला.

"काय दाजी, लेन्सवर किती पाडले?"

"पाडले ना. एकावर एक फ्री. डिस्प्लेचा पीस होता, खोकं नव्हतं, म्हणून अजून थोडे कमी केले."

पुण्यात अशा प्रश्नाला असंच उत्तर देतात. प्रश्न मूर्ख असला की उत्तर सरळ द्यायचं नाही, ही इथली रीत आहे. मेहुणा खो खो हसला. बायको हसली नाही. हसून डोळ्याला ताण पडेल म्हणून हसत नसेल, असं मी समजलो.

पट्टी निघाली आणि ती घरभर फिरून वस्तू बघायला लागली. डावा डोळा झाकून उघडायची, उजवा झाकून उघडायची. म्हणाली, "या डोळ्याने भिंत पांढरी दिसते, आणि त्या डोळ्याने चहात बुडवल्यासारखी. इतकी वर्षं मी चहातूनच बघत होते की काय?" तिला इतकी खूश मी बऱ्याच वर्षांनी बघत होतो. मेहुण्याने तीच वेळ साधली.

"दाजी, ताईचा डोळा एचडी झाला आणि भिंतीवर अजून तो जुना डबा? आता सरळ फोर-के घ्या."

"त्याने काय होतं?"

"चौपट डीटेल. पिक्चर इतकं क्लिअर की केस मोजा."

"मला कुणाचे केस मोजायचेत? आणि हिच्या मालिका त्या फोर-केमध्ये काढतात का?"

"आज नाही तर उद्या काढतील. फ्युचर-प्रूफ म्हणतात याला."

उद्या येणाऱ्या मालासाठी आज गोदाम बांधणारे व्यापारी मी बघितले आहेत. गोदाम राहतं, व्यापारी राहत नाही. मी तसं म्हणालोही. पण बायको जुन्या टीव्हीकडे बघत होती, आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्याने. रोज संध्याकाळी दुकान माझ्यावर सोडून ती घरी यायची आणि हातशिलाईचं काम घेऊन मालिकेसमोर बसायची. तिची चैन म्हणाल तर तेवढीच. मी ठरवलं, घेऊन टाकू. नव्या डोळ्याला नवं काहीतरी दाखवू.

टीव्हीचं शोरूम खडकवासल्याच्या रस्त्याला आहे. मालक तिथल्याच गावचा, गाव आता शहरात आलं. आजोबांच्या शेतात इमारती उभ्या राहिल्या आणि नातवाचं शोरूम झालं. मी तीस वर्षं जिने चढून जे कमावलं ते याच्या शेताने नुसतं पडून राहून कमावलं. असो. माणूस बोलायला गोड. त्याच्या बंगल्याचे पडदे माझ्याकडचे आहेत.

आत अंधार आणि थंडी. भिंतीवर ओळीने टीव्ही आणि सगळ्यांवर एकच पोपट. हिरवा, लाल चोचीचा, हळूच मान वळवणारा. त्याच्या मानेवरचं एकेक पीस सुटं दिसत होतं. पोपट गेला की मध ओघळायचा, मध संपला की परत पोपट.

मी म्हणालो, "दिवे लावा आधी. उजेडात दाखवा."

"शेठ, टीव्ही काय कापड हाय का दाराशी न्यायला?"

"आमच्याकडे गिऱ्हाईक दाराशी नेल्याशिवाय घेत नाही."

"म्हनून तर तुमच्याकडे यवढा टाइम लागतो."

मग बसलो. त्याने किंमत सांगितली, मी हसलो. त्याने सण-समारंभाची ऑफर सांगितली, मी पाणी मागितलं. त्याने आईची शपथ घेतली, मी त्याच्या आईची तब्येत विचारली. उठून दारापर्यंत जाऊन आलो. बाहेर चप्पल घालून परत काढली. शेवटी त्याचा चेहरा असा झाला की मला कळलं, आता खरोखर तळ लागला. मग मी नेहमीचा शेवटचा प्रश्न विचारला.

"बरं, वर काय?"

तो कपाळाला हात लावून बसला. मग म्हणाला, "भिंतीचं स्टँड घ्या, फिटिंग घ्या. आन् मालिका बघायचं अ‍ॅप, वर्षभर फुकट टाकून देतो. झालं समाधान?"

"चांगलं आहे ना अ‍ॅप?"

"सगळं दिसतं शेठ त्याच्यावर."

सगळं दिसतं. हे वाक्य मी विसरणार नाही.

टीव्ही भिंतीवर लागला. आमचा हॉल काही मोठा नाही, सोफ्यावर बसलं की टीव्ही अंगावर आल्यासारखा वाटायचा. मी पहिले दोन-चार दिवस फार खूश होतो. खरं सांगायचं तर मी टीव्हीकडे बघत होतो, टीव्हीवर काय दिसतंय ते बघत नव्हतो. ती बारीक चौकट, तो रुबाब, आणि शेजारच्यांनी याच टीव्हीला किती मोजले ते आठवून होणारा आनंद. बायको समोर बसायची. हातातली शिलाई तशीच राहायची.

डाव्या डोळ्याची तारीख जवळ आली तेव्हा ती म्हणाली, "दिवाळीनंतर बघू."

"का?"

"दुकानात काम आहे."

"ते काम डोळ्यांनीच करायचं ना? एका डोळ्याने तू लॉट कशी बघणार?"

"बघेन. नाहीतर तुम्ही बघा."

मी हॉस्पिटलला फोन करून तारीख पुढे ढकलली. मनात धरून बसलो की ऑपरेशनला घाबरली. मग लक्षात आलं की ती टीव्हीसमोर बसेनाशी झालीय. मालिका लावायची आणि स्वयंपाकघरात उभी राहून नुसती ऐकायची. आता मात्र माझं डोकं फिरलं. मी ज्या टीव्हीसाठी चप्पल घालून परत काढली, त्याचा आमच्या घरात रेडिओ झाला होता. विचारलं तर "भाजी करतेय." भाजी काय रोज मालिकेच्याच वेळेला शिजते?

एका संध्याकाळी मी दुकानातून लवकर आलो. ती हॉलमध्ये टीव्हीसमोर उभी होती, डावा डोळा तळहाताने झाकून. मग पुढे सरकली. मग मागे. माझी चाहूल लागल्यावर हात पटकन खाली घेतला.

"काय चाललंय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे काय? डोळ्याला काय होतंय?"

"काही होत नाही हो. आहे ते ठीक आहे. जेवढ्याला तेवढं."

जेवढ्याला तेवढं. हे आमच्या दुकानातलं वाक्य आहे. भाव पाडून पाडून नेलेल्या पडद्याचा रंग उडाला आणि गिऱ्हाईक भांडायला आलं, की मी हेच म्हणतो. ते वाक्य तिने स्वतःच्या डोळ्याला लावलं होतं.  माझ्या डोक्यात सगळं एकदम जुळलं.

"तुला काय वाटतं, मी तुझ्या लेन्सवर भाव केला?"

"तुम्हीच सांगितलंत की. डिस्प्लेचा पीस म्हणून."

"अगं, ती थट्टा होती. तुझ्या भावाने मूर्खासारखं विचारलं म्हणून..."

"थट्टेतही तुम्ही खोटी किंमत सांगत नाही. मला माहितीय ना." ती स्वयंपाकघरात जाऊन शांतपणे पोळपाट काढायला लागली. "मी काही म्हणतेय का? केला असेल भाव. तुम्हाला राहवत नाही. पण आता तिथे जाऊन भांडू नका. परत कापतील, असलेलाही जाईल. म्हणून तर मी बोलले नाही."

असा राग मला त्याआधी कधी आला नव्हता. बिल्डरने गाळ्याच्या चाव्या द्यायला उशीर केला तेव्हाही नाही. ती रोज संध्याकाळी आंधळं होण्याच्या भीतीत बसत होती आणि मी भांडेन म्हणून मला सांगत नव्हती. मी पावती दाखवतो म्हणालो. मग माझं मलाच कळलं की पावती दाखवली तरी ती विचारेल, "छापील किमतीवर किती सोडले?"

"दिसतं काय तुला? नीट सांग."

तिने सांगितलं. "चेहरे फासल्यासारखे दिसतात. नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो ते कळत नाही. कुणी पटकन वळलं की नुसते चौकोन चौकोन. साडीचे काठ विरघळतात. आणि संध्याकाळी जास्त होतं. दुपारी बरं असतं."

"तपासणीत तर सगळी अक्षरं वाचलीस."

"ती काळी-पांढरी अक्षरं हो. ती कुणालाही दिसतील."

"आणि रस्त्यावरचं? दुकानातलं?"

"ठीक वाटतं. पण रस्त्यावर मी कुणाच्या चेहऱ्याकडे इतकं टक लावून बघते?"

मी टीव्हीकडे बघितलं. खरोखरच बघितलं, तो घरात आल्यापासून पहिल्यांदा. चष्मा पुसून बघितलं. नायिकेच्या तोंडाला कुणी दही फासल्यासारखं दिसत होतं. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शोरूम उघडायच्या आधी मी त्याच्या शटरसमोर उभा होतो.

"तू मला डिस्प्लेचा पीस दिलास," मी म्हणालो. एरवी मी त्याला अहो-जाहो करतो.

"शेठ, खोकं तुमच्या समोर फोडलं."

"मग चित्र असं का?"

आत पोपट मान वळवत होता. तोच टीव्ही, तेच मॉडेल, एकेक पीस सुटं. मी म्हणालो, "हा बंद कर आणि हिची मालिका लाव." तो लावेना. इकडचं तिकडचं बोलायला लागला. मी खुर्ची ओढून दारातच बसलो, येणाऱ्या गिऱ्हाइकाला दिसेन असा. मग लावली. पोपटाच्या टीव्हीवर तीच दही फासलेली बाई आली. माझ्या घरच्यापेक्षा जरा बरी, पण तीच.

मग त्याला बोलावं लागलं. पोपट पेन ड्राइव्हवर भरलेला असतो, कंपनीकडून येतो, टीव्ही चांगला दिसावा म्हणूनच काढलेला असतो. मालिका तारेतून येते. तार भरली की अ‍ॅप चित्र थांबवत नाही, चित्र पातळ करतं. माणूस थांबलेलं चित्र सहन करत नाही, पातळ चालवून घेतो. संध्याकाळी सगळी सोसायटी एकदम बघायला बसली की आणखी पातळ.

"तुमच्याकडे नेटचं पॅकेज कुठलं हाय, शेठ?"

सगळ्यात खालचं होतं. त्यावरही मी नेटवाल्याशी भाव केला होता.

"आन् अ‍ॅपचंही साधंच हाय ते. फोर-केचं वरचं असतंय, त्याला लई पैसे. तुम्ही वर काय वर काय केलं, म्हनून मी साधं टाकलं."

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इचारलं कुठं? तुम्ही म्हनला चांगलं हाय का. चांगलंच हाय."

आता माझा राग कशावर आहे ते नीट समजून घ्या. भाव पाडला की माल पाडतात, हे मला ठाऊक आहे. मीसुद्धा पाडतो. गिऱ्हाईक फारच ताणायला लागलं की आतलं अस्तर हलकं लावतो. पण लावताना सांगतो. अस्तराचे दोन तुकडे दाराशी नेऊन उजेडासमोर धरतो आणि म्हणतो, या पैशात हे, त्या पैशात ते, तुम्ही ठरवा. धंद्यात एवढं तरी असावं. याने अंधारात पोपट दाखवला आणि घरी दही पाठवलं. आणि त्या दह्यामुळे माझी बायको आंधळी व्हायला निघाली होती.

"मला तो पोपट दे," मी म्हणालो.

"काय?"

"पेन ड्राइव्ह. दे इकडे."

"शेठ, त्याच्यावर माझा धंदा हाय."

"माझाही आहे. दे."

माझ्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक. त्याने काढून दिला. टीव्हीवर पोपटाच्या जागी निळा पडदा आला.

घरी येऊन मी तो टीव्हीला लावला आणि बायकोला सोफ्यावर बसवलं. भर दुपार होती. मी पडदे ओढले नाहीत, उजेड तसाच ठेवला. पोपट आला.

तिने डावा डोळा झाकला. मी तिच्या तोंडाकडे बघत उभा होतो.  पोपटाने मान वळवली.

"याच्या डोळ्याभोवती सुरकुत्या आहेत," ती म्हणाली.

"पुढे?"

"मानेवर काळी रेघ आहे, तिच्याखाली गुलाबी. गुलाबीतलं एक पीस उलटं फिरलंय." मग उजवा डोळा झाकून डाव्याने बघितलं. "हा चहातला." परत उजव्याने बघितलं. मग उठून टीव्हीजवळ गेली आणि मालिका लावायला सांगितली. मी लावली. ती नाक लावून उभी राहिली, मग दोन पावलं मागे आली.

"हे तिकडूनच असं येतंय की हो," ती म्हणाली. "कापड खिडकीपुरतं नाही, नुसतं ताणून बसवलंय. जुना टीव्ही लहान होता म्हणून ताण दिसत नव्हता. त्यात माझे डोळे चहात." आणि मग, दुकानातल्या आवाजात, "एवढ्या मोठ्या खिडकीला एवढं पातळ कापड कोण देतं?"

डोळा ठीक होता. मी खाली बसलो. 

रविवारी मेहुणा आला. मी त्याला दारातच धरला. तो म्हणाला, "दाजी, सिंपल आहे. नेटचा प्लॅन वाढवा, अ‍ॅपचा वरचा प्लॅन घ्या."

"आणि मालिका? ती तरी फोर-केमध्ये आहे का?"

"मालिका नाहीये अजून. पण बाकी कंटेंट..."

"बाकी तुझी ताई बघत नाही."

"हळूहळू येईल ना."

"मग मीही हळूहळू घेतला असता. माल यायच्या आधी गोदाम बांधायला लावलंस, आणि वर म्हणतोस की भाडंही भर."

तो हसला. मी हसलो नाही. नेट मात्र वाढवलं. मी नेटवाल्याला दुकानात बोलावून घेतलं, चहा पाजला, आणि वाढवलेल्या पॅकेजवरही थोडं कमी करून घेतलं. त्याने मालिकेतली बाई माणसात आली. अ‍ॅपचा वरचा प्लॅन मी घेतलेला नाही. पैशाचा प्रश्न नाही. तिथे समोर माणूसच नाही. एक बटण आहे आणि बटणावर आकडा आहे. त्या बटणाला आईची तब्येत विचारता येत नाही, त्याच्यासमोर चप्पल घालून परत काढता येत नाही. जो माल अजून विणलाच नाही, त्याचे पैसे मी बटणाला देणार नाही. मालिका फोर-केमध्ये विणायला लागले की मला कळवा. मी दाराशी नेऊन बघेन, मग ठरवेन.

बायकोने स्वतःच हॉस्पिटलला फोन करून डाव्या डोळ्याची तारीख घेतली. दिवाळीच्या आधीची. पण एक अट घातली. "काउंटरवर मी पण येणार. थेंब घालायच्या आधी."

मला बरं वाटलं. म्हटलं, आता बघेल स्वतःच्या डोळ्याने. साक्षीदार मिळेल.

तीच मुलगी होती. तोच तक्ता सरकवला. मी उजव्या डोळ्याला घेतलेल्या लेन्सवर बोट ठेवलं आणि कार्ड काढलं. बायको म्हणाली, "थांबा हो." आणि त्या मुलीला, "मागच्या वेळी घेतली ती हीच. दुसऱ्यांदा येतोय आम्ही. काही कमी होईल का?"

माझं कार्ड हातातच राहिलं.

मुलगी म्हणाली, "नाही मॅडम, आमच्याकडे रेट फिक्स असतात. कुणालाच कमी होत नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता पटलं. आता ती काहीतरी म्हणेल. इतक्या महिन्यांचा राग उतरेल असं काहीतरी.

"असं होय," ती म्हणाली. "म्हणजे कमी होत नव्हतं म्हणून पूर्ण भरलेत."

अहो, मी विचारलंच नव्हतं. कमी होतं की नाही हे मला ठाऊकच नव्हतं. मी तोंड उघडून मिटलं होतं, तिच्याकडे बघून. हे त्या काउंटरवर, रांगेतल्या लोकांसमोर, कसं सांगायचं? तोवर नर्सने तिला आत बोलावलं. पर्स माझ्या हातात देऊन ती गेली. मुलीने विचारलं, "सर, काही शंका?" मी कार्ड पुढे केलं.

डावा डोळाही नीट झाला. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ती पहिल्या दिवशी दुकानात आली ती सरळ मागच्या कपाटापाशी गेली. एजंटकडून मी नुकतेच मरून रंगाचे दोन ताके घेतले होते. तिने दोन्हींची टोकं धरली, दाराशी नेली आणि एकदाच बघितली.

"हा वेगळ्या लॉटचा."

"शक्य नाही. एजंटने एकच लॉट सांगितलाय."

"यावर किती पाडलेत?"

या वेळी मी थट्टा केली नाही. सरळ सांगितलं.

"दिसतंय," ती म्हणाली, आणि कात्री मागितली.